टाकणे आणि काढणे : इंग्रजी क्रियापदांकडे बडोद्याहून पाहताना

ज्या सरांच्या स्मरणार्थ आपली शाळा ही व्याख्यानमाला चालविते, त्यांनी आम्हांला इंग्रजी शिकविले असे सर्वजण म्हणतात. ते खरेच आहे. परंतु इंग्रजीच्या निमित्ताने ते आमची मराठी तपासून घेत असत, ही गोष्ट त्यांच्या वर्गात बसलेल्या आम्हां विद्यार्थ्यांना पुष्कळ वर्षांनी उमगली. काढून टाकणे, टाकून देणे, फेकणे ह्या अर्थांची इंग्रजी क्रियापदे हा काहीसा रूक्ष विषय मी आजच्या व्याख्यानासाठी घेतला, ह्याला कारण त्यांच्या लेखणीने खोडलेला माझाच एक शब्द आहे.

१९६६ सालची गोष्ट. माझे वडील शहरातील एका कापडगिरणीत विणकाम खात्यात होते. गिरणीने रात्रपाळी बंद केली आणि त्या पाळीतल्या इतरांबरोबर त्यांनाही घरी बसविले. फीमाफीसाठी मला इंग्रजीत अर्ज करावयाचा होता. घरात आणि वाड्यात सगळे 'ह्यांना कामावरून काढले' एवढेच म्हणत. कोशात शोधता 'डिसमिस' हा शब्द सापडला. तो मी मोठ्या ऐटीत लिहिला. सरांनी अर्ज वाचला, चष्मा कपाळावर सरकविला आणि विचारले, "वडिलांनी चोरी केली काय रे?" मी दचकलो. "मारामारी? दारू पिऊन आले होते?" नाही, पाळीच बंद झाली, असे मी कसेबसे सांगितले. "मग हा शब्द तू बापाच्या कपाळी का लिहितोस?" असे म्हणून त्यांनी तो खोडला आणि वर 'रिट्रेंच्ड' असे लिहिले.

प्रकरण तेथे संपले नाही. त्यांनी वडिलांना शाळेत बोलावून घेतले. गिरणीच्या कारकुनाने एका छापील कागदावर सही मागितली होती. तो कागद राजीनाम्याचा होता. वडिलांना इंग्रजी येत नव्हते, आणि 'काम सुटले' व 'काम सोडले' ह्यांतला फरक कागदावर कोठे दिसतो हेही ठाऊक नव्हते. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली जी भर घातली गेली, तिच्यानुसार वर्षभर सलग नोकरी झालेल्या कामगाराची कपात करावयाची तर महिन्याची नोटीस अथवा तेवढे वेतन, आणि नोकरीच्या प्रत्येक पुऱ्या वर्षामागे पंधरा दिवसांचे सरासरी वेतन देणे भाग होते. राजीनामा दिला की हे सारे गेले. गैरवर्तनाबद्दल बडतर्फ झाला तरीही गेले. सही झाली नाही. काही महिन्यांनी पैसे मिळाले. रक्कम फार मोठी नव्हती. पण त्या वर्षी मी शाळेत राहिलो तो तिच्यावर.

मराठीत ह्या तिन्ही-चारी प्रसंगांना आपण 'काढले' म्हणतो. इंग्रजी कचेरीत मात्र 'डिसमिस', 'डिस्चार्ज', 'रिट्रेंच', 'ले ऑफ' हे चार निराळे दरवाजे आहेत. 'डिसमिस' म्हणजे मूळ लॅटिन अर्थाने दूर धाडणे. त्याला अपराधाचा वास चिकटला तो कचेऱ्यांमध्ये. 'डिस्चार्ज' म्हणजे ओझे उतरविणे; म्हणून सैनिक, रुग्ण, आरोपी आणि जहाजातील माल ह्या सर्वांना हे एकच क्रियापद चालते, आणि त्यात कलंक असेलच असे नाही. 'रिट्रेंच' म्हणजे छाटणे. दोष फांदीचा नसतो, झाड लहान करावयाचे असते. 'ले ऑफ' मध्ये तर माणूस पटावरून जातच नाही. काम नाही म्हणून तो तात्पुरता बाजूला ठेवलेला असतो, निदान कायद्याच्या भाषेत.

ह्यावरून सरांनी आम्हांला एक सवय लावली. काढण्या-टाकण्याचे इंग्रजी क्रियापद निवडण्यापूर्वी तीन गोष्टी विचारावयाच्या. वस्तू किंवा माणूस आधी कोठे होता? काढणारा कोण, आणि त्याला तो अधिकार होता काय? काढलेले परत येऊ शकते काय? हे प्रश्न विचारले की कोश निम्मा बाजूला ठेवता येतो.

पहिल्या प्रश्नाचे सर्वांत सोपे उदाहरण पत्त्यांचे. 'डिस्कार्ड' ह्या शब्दात 'कार्ड' सरळ दिसते. हातातले नको असलेले पान खाली टाकणे हा त्याचा मूळचा अर्थ. पुढे तो कपडे, कल्पना, जुने मित्र ह्यांनाही लागू झाला. पण अट कायम राहिली : जे हाती धरले होते तेच 'डिस्कार्ड' होते. रस्त्यावर पडलेला दगड आपण उचलून फेकू शकतो, 'डिस्कार्ड' करू शकत नाही. 'जेटिसन' हा शब्द समुद्रावरचा आहे. वादळात गलबत वाचविण्यासाठी माल समुद्रात लोटून देणे म्हणजे 'जेटिसन'. माल नको होता म्हणून नव्हे, तर जीव हवा होता म्हणून तो टाकला गेला. आणि म्हणूनच प्राचीन ऱ्होड्सच्या सागरी कायद्यापासून असा दंडक आहे की, ज्याचा माल गेला त्याचे नुकसान ज्यांचा वाचला त्या सर्वांनी मिळून भरून द्यावे. ओखामंडळासारखा किनारा बडोदे संस्थानातच होता, तेव्हा हा विषय आपल्याला अगदीच परका नाही. एखाद्या पक्षाने निवडणुकीच्या तोंडावर जुना सहकारी 'जेटिसन' केला असे वर्तमानपत्र लिहिते, तेव्हा जहाज बुडत होते असेही ते न बोलता सांगत असते.

'शेड' मध्ये तर टाकणाऱ्याची इच्छाच नसते. झाड पाने 'शेड' करते, साप कात. इंग्रजीला त्यासाठी वेगळे क्रियापद लागले. आपण मात्र सापालाही 'टाकतो' म्हणतो आणि पानाला 'गळते'. 'स्क्रॅप' आणि 'डंप' हे कारखान्याचे शब्द, त्यांवर वेळ घालवीत नाही. फेकण्याच्या रीतींचेही तसेच. 'टॉस' हलके, 'लॉब' उंच वळणाचे, 'हर्ल' जोराचे, 'हीव्ह' जड वस्तूचे, 'फ्लिंग' रागाचे किंवा बेफिकिरीचे. आपल्याकडे भिरकावणे, झोकणे, लोटणे, उधळणे, भिरभिरत सोडणे आहेतच. गुलाल उधळतात, गोफणीतला गोटा भिरकावतात, जू झुगारतात. ह्या बाबतीत मराठी कोठेही उणी पडत नाही. मोतीबागेच्या मैदानावर वाढलेल्या माजी विद्यार्थ्यांना तर 'बोल' आणि 'थ्रो' ह्यांतला भेद समजावण्याची गरज नाही. कोपर सरळ झाला की गोलंदाजीची फेक होते आणि पंच नोबॉल देतो.

'फ्लिंग' वर मात्र क्षणभर थांबले पाहिजे. बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ साली करारानुसार संस्थानच्या नोकरीत रुजू होण्यासाठी ह्या शहरात आले. कचेरीतील शिपाई त्यांच्या मेजावर कागदपत्रे लांबूनच टाकीत, असे त्यांच्या चरित्रकारांनी नमूद केले आहे. 'टाकीत' ह्या मराठी क्रियापदाने ह्या कृतीचे वर्णन पुरे होत नाही. पत्रही आपण पेटीत टाकतोच. इंग्रजीत येथे 'पुट' नाही, 'हँड' तर नाहीच. 'फ्लिंग' म्हणावे लागते, कारण त्या शब्दात हात आणि मेज ह्यांमधले अंतर मोजलेले आहे.

त्याच मुक्कामातील दुसरा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' ह्या आठवणीत लिहिला आहे. शहरात कोणी जागा देईना, तेव्हा पारशांसाठी असलेल्या एका विश्रामगृहात पारशी नाव सांगून ते राहिले. थोड्याच दिवसांत काठ्या घेतलेला एक जमाव आला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्यास त्यांना फर्मावण्यात आले. मित्रांकडे आसरा मिळाला नाही; ते कमाटीबागेत जाऊन बसले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईस परतले. ह्या प्रसंगाचे इंग्रजी वर्णन करताना पुष्कळ लेखक 'एव्हिक्ट' हे क्रियापद वापरतात. सरांना ते मान्य नव्हते. 'एव्हिक्ट' च्या पोटात जिंकण्याचा लॅटिन धातू आहे. न्यायासनापुढे हक्क सिद्ध करून ताबा परत घेणे हा त्याचा अर्थ. भाडेकरूला घरमालक न्यायालयाच्या हुकमाने 'एव्हिक्ट' करतो. काठ्या घेऊन आलेला जमाव फक्त 'टर्न आउट' करतो, 'ड्राइव्ह आउट' करतो. मराठीने ह्या जागी चोख शब्द ठेवला आहे : हुसकावून लावणे. जमावाच्या कृतीला कचेरीचा शब्द दिला की नकळत तिला कचेरीचा अधिकारही दिला जातो. सयाजीबागेत वडाच्या झाडाखालची ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते.

दुसरा प्रश्न अधिकाराचा. तो समजावून सांगण्यासाठी बडोद्याइतके योग्य गाव क्वचितच सापडेल. कारण ह्या गावचा एक राजाच इंग्रजी क्रियापदांनी पायरीपायरीने खाली उतरविला गेला.

९ नोव्हेंबर १८७४ च्या सकाळी रेसिडेंट कर्नल रॉबर्ट फेअर फिरून आले. त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे पपनसाच्या रसाचे सरबत ठेवलेले होते. दोन-तीन घोट घेतल्यावर बरे वाटेना, म्हणून उरलेले त्यांनी खिडकीतून बाहेर टाकले. आणि मग पेल्याच्या तळाशी उरलेला गाळ त्यांच्या दृष्टीस पडला. तपासणीत सोमल आणि हिऱ्याची पूड निघाली असे सांगण्यात आले. ह्या ठिकाणी मला नेहमी असे वाटते की, बडोद्याच्या इतिहासाला वळण देणारी फेक ही एवढीच : एका पेल्यातील सरबताची. सगळे प्याला असता तर, किंवा पेला तसाच भरलेला परत पाठविला असता तर, पुढचे काय घडते ते सांगता येत नाही.

फेअरसाहेब आणि मल्हारराव महाराज ह्यांचे आधीपासूनच पटत नव्हते. सरकारने फेअर ह्यांच्या जागी डिसेंबरात सर लुईस पेली ह्यांना आणले. हा झाला 'सुपरसीड' : माणूस दोषी ठरविला नाही, त्याच्या जागी दुसरा बसविला. ह्या शब्दाचा मूळ अर्थच 'वर बसणे' असा आहे. जानेवारी १८७५ मध्ये महाराजांना अटक झाली आणि जाहीरनाम्याने त्यांचा राज्याधिकार 'सस्पेंड' करण्यात आला. 'सस्पेंड' म्हणजे टांगून ठेवणे. गंमत अशी की, आपल्या 'निलंबन' शब्दातही तोच लोंबण्याचा धातू आहे. म्हणजे ह्या एका ठिकाणी दोन्ही भाषांनी एकच चित्र पाहिले. टांगलेली वस्तू परत खाली घेता येते. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर येथे अजून खुले होते.

चौकशीसाठी सहाजणांचे कमिशन बसले. अध्यक्ष सर रिचर्ड काउच, सोबत सर रिचर्ड मीड आणि मेलव्हिल हे दोन इंग्रज. हिंदी सभासदांत जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंह आणि सर दिनकरराव. महाराजांच्या वतीने लंडनहून सार्जंट बॅलंटाइन हा नामांकित वकील आला. निकाल तीनास तीन असा दुभंगला : इंग्रज सभासदांना आरोप सिद्ध झाल्यासारखा वाटला, हिंदी सभासदांना तसे वाटले नाही.

आता सरकारपुढे पेच पडला, आणि तो मोठ्या अंशी शब्दाचा पेच होता. विषप्रयोगासाठी शिक्षा म्हणून काढावे, तर कमिशन दुभंगलेले. परत गादीवर बसवावे, तर केलेला सारा खटाटोप पाण्यात. तेव्हा एप्रिल १८७५ च्या जाहीरनाम्यात 'डिपोझ' करण्यात आले, आणि कारण देताना विषप्रयोगाचा आरोप बाजूला ठेवून गैरवर्तन, राज्याचा अंधाधुंद कारभार आणि सुधारणा करण्याची अपात्रता ही कारणे दिली गेली. 'डिपोझ' ला न्यायालयीन दोषसिद्धी लागत नाही. वरून खाली ठेवू शकेल एवढी सत्ता लागते. 'डिस्' आणि 'डी' ह्या दोन उपसर्गांतले अंतर किती असू शकते ते येथे दिसते. महाराजांना मद्रासेस नेण्यात आले आणि तेथेच १८८२ साली ते वारले. इकडे महाराणी जमनाबाईंनी कवळाण्याच्या गोपाळरावांना दत्तक घेतले आणि तेच सयाजीराव झाले.

ह्या 'डिपोझ' चे मराठी आपण 'पदच्युत करणे' असे करतो. शब्द चांगला आहे. पण बारकाईने पाहिले तर 'च्युत' म्हणजे निसटलेला, गळून पडलेला. इंग्रजी शब्दात खाली ठेवणारा हात दिसतो. आपल्या शब्दात फळ आपणहून देठापासून सुटल्यासारखे वाटते. 'बडतर्फ' हा फारशीतून आलेला शब्द, त्याचा मूळ अर्थ बाजूला केलेला. तोही हात लपवितो. ज्या शब्दांत हात लपत नाही, ते सगळे बोलीतले आहेत : अर्धचंद्र देणे, नारळ देणे, डच्चू देणे, उचलबांगडी करणे, हकालपट्टी. अर्धचंद्रात तर मानेवर ठेवलेल्या पंजाचा आकारही दिसतो. मराठीची श्रीमंती येथे आहे. फक्त ती दरबारी कागदावर चालत नाही. सयाजीराव महाराजांना ही अडचण जाणवली असली पाहिजे. १९३१ साली प्रसिद्ध झालेला 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' हा राज्यकारभारातील शब्दांचा कोश त्यांच्याच पुरस्काराने सिद्ध झाला, आणि त्यात एकेका इंग्रजी शब्दासमोर गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारशी, हिंदी व बंगाली प्रतिशब्द मांडलेले आहेत. सर तो कोश वाचनालयात बसून पाहावयास सांगत. घरी न्यावयास मिळत नसे.

पुढची पायरी स्वतंत्र भारताची. १९५१ मध्ये प्रतापसिंह महाराजांना भारत सरकारने दूर केले आणि फत्तेसिंहराव महाराजांना मान्यता दिली. येथे काढून घेतली गेली ती मान्यता, म्हणून 'डीरेकग्नाइझ' हा नवाच शब्द चालू झाला. गादीवरून कोणी ओढले नाही, फक्त ओळखणे थांबविले. १९७० मध्ये राष्ट्रपतींच्या आदेशाने सगळ्याच संस्थानिकांची मान्यता काढली गेली, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तो आदेशच 'स्ट्राइक डाउन' केला. मग १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने तनखे आणि मान्यता दोन्ही 'अ‍ॅबॉलिश' झाली. एका व्यक्तीला 'डिपोझ' करतात. आदेश 'स्ट्राइक डाउन' होतो. आणि 'अ‍ॅबॉलिश' होते ती संस्था अथवा प्रथा. गुलामगिरी 'अ‍ॅबॉलिश' होते, गुलाम नव्हे. जुना कायदा कायदेमंडळ 'रिपील' करते, आपलाच ठराव सभा 'रिसिंड' करते, खालचा निकाल वरचे न्यायालय 'सेट असाइड' करते. ह्यांत कर्ता बदलला की क्रियापद बदलते. परीक्षार्थींची चूक नेमकी येथे होते.

आता आपल्या 'टाकणे' कडे वळतो. सर एकदा फळ्यावर दहा वाक्ये लिहून गेले होते. त्यांतली आठवतात ती अशी : त्याने पत्र टाकले. कोंबडीने अंडे टाकले. आमटीत मीठ टाक. पाऊल जपून टाक. माझ्यावर विश्वास टाक. गादी टाक. त्याने नोकरी टाकली. त्याने बायको टाकली. प्रत्येक वाक्याला इंग्रजीत वेगळे क्रियापद, आणि पहिल्या सहांत तर टाकून देण्याचा अर्थच नाही. उलट जागेवर ठेवण्याचा आहे. शिवाय 'टाकणे' दुसऱ्या क्रियापदामागे उभे राहून काम करते : करून टाक, सांगून टाक, विकून टाकले. काम एकदाचे हातावेगळे झाले, एवढाच तेथे अर्थ. गुजरातीत 'नाखवुं' हुबेहूब असेच वागते. 'करी नाख' म्हणजे 'करून टाक'. म्हणून बडोद्याच्या मराठी मुलांना हे समजणे सोपे जाते. इंग्रजीत ही छटा 'ऑफ', 'आउट', 'अवे' ह्या चिमुकल्या शब्दांवर सोपविलेली आहे, आणि त्यांचे शिक्षण कोशातून होत नाही, कानातून होते.

'बायको टाकली' ह्या वाक्यावर वर्ग हसला होता. सर हसले नाहीत. त्यांनी विचारले, मीठ टाकतो त्याच क्रियापदाने बायको टाकली जाते, ह्यात हसण्यासारखे काय? इंग्रजीत येथे 'डेझर्ट' येते, जे पळून गेलेल्या सैनिकालाही लागते. म्हणजे कर्तव्य सोडण्याचा दोष टाकणाऱ्याच्या माथी बसतो. 'अबँडन' मध्ये आश्रिताला वाऱ्यावर सोडणे आहे. 'रिप्युडिएट' मध्ये नातेच नाकारणे आहे. मराठीतले 'टाकलेली बाई' हे विशेषण मात्र बाईला चिकटते, टाकणारा वाक्यातून निघून जातो. बडोदे संस्थानाने १९३१ साली हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला, देशभरच्या १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कितीतरी आधी. त्यामुळे टाकलेल्या बाईलाही न्यायासनापुढे उभे राहून विवाह संपवून मागता येऊ लागला. इंग्रजीत ह्याला 'डिझॉल्व्ह' म्हणतात, विरघळविणे. फेकणारा आणि फेकलेली असे दोन पक्ष त्या शब्दात नाहीत.

'घटस्फोट' हा शब्द मुळात विवाहाचा नव्हेच. धर्मशास्त्रात पतित ठरविलेल्या माणसाला जिवंतपणीच मेलेला मानून त्याच्या नावाने पाण्याचा घट पाडीत वा फोडीत, आणि त्याच्याशी सर्व संबंध तोडीत. तो विधी घटस्फोटाचा. आता दूरवर अथेन्सकडे पाहा. तेथील नागरिक नको असलेल्या पुढाऱ्याचे नाव फुटक्या मडक्याच्या खापरीवर कोरून देत, आणि ठरावीक संख्या झाली की त्याला दहा वर्षे नगराबाहेर राहावे लागे. खापरीला ग्रीकमध्ये 'ऑस्ट्रकॉन' म्हणतात, त्यावरून 'ऑस्ट्रसाइझ'. दोन संस्कृतींनी माणसाला बाहेर काढण्यासाठी मडकेच फोडावे ही योगायोगाची गोष्ट आहे, पण विसरता येण्यासारखी नाही. फरक एवढाच की अथेन्सचा माणूस दहा वर्षांनी परत येई आणि त्याची मालमत्ता त्याचीच असे. आपल्याकडे वाळीत टाकलेल्या घराला मुदत नसे. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ साली स्वतंत्र कायदा केला, ह्यावरून हे क्रियापद किती अलीकडेपर्यंत चालते होते हे कळते.

पुसण्या-खोडण्याचे शब्द हे ह्याच कुळातले, पण शाईचे. 'इरेझ' म्हणजे खरवडणे, 'ऑब्लिटरेट' म्हणजे अक्षर मिटविणे, 'एक्सपंज' म्हणजे नावाभोवती टोचून ठिपके देणे. लोकसभेच्या कामकाजातून अध्यक्ष एखादा शब्द वगळतात तो 'एक्सपंज'. आपल्याकडे पोथीतील चुकीच्या अक्षरावर हरताळाचा पिवळा लेप देत, त्यावरून 'हरताळ फासणे' आले. हरताळ हाही सोमलाचाच भाऊबंद, रसायनशास्त्राच्या शिक्षकांना विचारावे.

पोथ्यांचा विषय निघाला म्हणून सांगतो. आपल्या प्राच्यविद्या मंदिराने वाल्मीकिरामायणाची चिकित्सक आवृत्ती १९६० ते १९७५ ह्या काळात सात खंडांत प्रसिद्ध केली. निरनिराळ्या प्रांतांतील हस्तलिखिते पडताळून संपादकांनी अनेक श्लोक मूळ पाठाबाहेर ठेवले. त्या वेळी शहरात कुजबुज होती की पंडितांनी रामायणातले श्लोक फेकून दिले. सरांनी आम्हांला एक खंड दाखविला. बाहेर ठेवलेला श्लोक तळटीपेत होता, मोठा असेल तर परिशिष्टात होता, कोणत्या पोथीत सापडतो त्याच्या खुणेसह. हे 'रिजेक्ट' नव्हे, 'डिस्कार्ड' तर नव्हेच. ह्याला शब्द 'रेलिगेट'. रोमन कायद्यात हद्दपारीचे दोन प्रकार होते. कडक प्रकारात नागरिकत्व जाई, सौम्य प्रकारात माणूस दूर राही पण नागरिक म्हणूनच राही. त्या सौम्य प्रकारावरून 'रेलिगेट' आला. तळटीपेतला श्लोक रामायणाचा नागरिक राहिलेला आहे. संपादनाचे काम समजावून देणारे ह्याहून नेमके क्रियापद मला आजवर मिळालेले नाही, आणि मराठीत तर 'तळटीपेत ठेवला' असे सरळ म्हणावे हेच बरे.

पुन्हा एकदा त्या कमाटीबागेतील झाडाकडे वळतो. तेथून गाडीने परतलेले गृहस्थ तीस वर्षांनी घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. घटनासमितीने २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संमत केलेले आणि आज सतरावे अनुच्छेद म्हणून असलेले कलम उघडून पाहावे. त्यात अस्पृश्यतेसंबंधी दोन क्रियापदे आहेत : एक 'अ‍ॅबॉलिश', दुसरे 'फॉर्बिड'. वरवर पाहता एकाने भागले असते. पण 'अ‍ॅबॉलिश' होते ती संस्था. काठी घेऊन दारात उभा राहणारा माणूस आणि लांबून कागद भिरकावणारा हात हे 'अ‍ॅबॉलिश' होत नाहीत, कारण ती कृती आहे, आणि कृतीला मनाई करावी लागते. म्हणून प्रथा नष्ट केली, आचरणाला मनाई केली आणि ते आचरण शिक्षापात्र ठरविले. वकिली शब्दयोजना एवढेच त्याचे वर्णन करणे मला पुरेसे वाटत नाही.

फळ्यावरच्या दहा वाक्यांपैकी शेवटचे राहिले. ते असे होते : आजीने मीठमोहऱ्या नातवावरून ओवाळून टाकल्या आणि त्याची दृष्ट काढली. 'टाकणे' आणि 'काढणे' दोन्ही एकाच वाक्यात. आम्ही वहीत 'रिमूव्ह' लिहून पाहिले, 'कास्ट ऑफ' लिहिले, एकाने तर 'एक्स्ट्रॅक्ट' लिहिले. सरांनी सगळ्यांच्या वह्या तपासल्या, आणि त्या वाक्यासमोर कोणालाही बरोबर किंवा चूक अशी खूण केली नाही. स्वतःचे उत्तरही दिले नाही. तास संपल्यावर फळा पुसताना नऊ वाक्ये पुसून ते एक त्यांनी तसेच ठेवले. दुसऱ्या दिवशी गणिताच्या शिक्षकांनी ते पुसले.